मासे आणण्याआधीचे सहा आठवडे

घरातल्या पहिल्या अ‍ॅक्वेरियमबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत.

दोन फुटी काचेचा टँक घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, आज टँक न्या, संध्याकाळी मासे सोडा. हे बरोबर आहे का? सुरुवात कशी करावी? – दादर

बरोबर नाही. नव्या टँकमधले मासे पहिल्या काही आठवड्यांत मरतात ते बहुतेक वेळा याच घाईमुळे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो आणि तो कल्ले जाळतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, कारण त्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर राहतात. नव्या टँकमध्ये ते जवळपास नसतात आणि पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टँकमध्ये काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं, प्रत्यक्षात आपण ४५ लिटरच्या आसपास भरतो. काच, खडी आणि पाणी मिळून वजन साधारण ६५ ते ७० किलो होतं. त्यामुळे टीव्हीच्या युनिटवर किंवा पार्टिकल बोर्डाच्या शोकेसवर टँक ठेवू नका. पाणी सांडलं की ते लाकूड फुगतं आणि टँक एका कोपऱ्यात खचतो. लोखंडी स्टँड, त्यावर प्लायवूड, त्यावर टँकच्या तळाएवढा थर्माकोलचा तुकडा असा थर द्या. पातळी स्पिरिट लेव्हलने तपासा. पश्चिमेच्या खिडकीसमोरची जागा टाळा. रिकामा टँक आधी भरून दोन दिवस तसाच ठेवा. कुठून गळत असेल तर ते आताच कळू दे, मासे आल्यावर नको.

खडी तीन सेंटिमीटर जाड पसरायला सुमारे आठ किलो लागते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत बादलीत चोळून धुवा. चार खडे वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्या खडीत चुना आहे, ती पाणी कडक करेल, म्हणजे त्यातले क्षार वाढवेल. जुहूच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले टँकमध्ये टाकू नका, कारण तेही चुन्याचेच असतात. मुंबईला तलावांचं पाणी मिळतं आणि ते मऊ असतं. बहुतेक लहान माशांना ते मानवतं, ते मुद्दाम कडक करायची गरज नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर कडकपणा एकदा तपासून घ्या.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढावं लागतं. अँटीक्लोरीनच्या नावाने जे पांढरे खडे मिळतात ते सोडियम थायोसल्फेट. १०० ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवा आणि हे द्रावण टँकच्या दर ५० लिटरला पाच मिलि वापरा. एका बादलीला, म्हणजे १५ लिटरला, दीड मिलि पुरतं. सोसायटीची टाकी ब्लिचिंग पावडरने धुतली असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका.

फिल्टर ताशी २०० ते ३०० लिटर पाणी फिरवणारा घ्या, तो पहिल्या दिवसापासून चोवीस तास चालू राहील. मग रोज चिमूटभर मासेखाद्य टाका, ते कुजून अमोनिया तयार होईल. कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्यातल्या स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, त्याने काळ बराच कमी होतो. अमोनिया आणि नायट्राइटची द्रव टेस्ट किट आणा. खाद्य टाकूनही सलग चार दिवस दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टँक तयार. अर्धं पाणी बदला आणि सुरुवातीला सहाच गप्पी आणा. त्यातही नरच आणले तर पिल्लांची गर्दी होणार नाही.

आणि दुकानात 'शार्क' म्हणून दाखवतात तो पंगस घेऊ नका. तो मोठा झाला की मीटरभराहून लांब होतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला वळायलाही जागा नसते. गोल्डफिशही खूप घाण करतात, त्यांना जास्त पाणी लागतं.

चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. सगळं पाणी बदलू का? – भांडुप

नाही. तो पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंचा फुटवा आहे, चार-आठ दिवसांत आपोआप ओसरतो. सगळं पाणी बदललं तर तो पुन्हा येतो आणि जिवाणूंची घडी विस्कटते. खाद्य कमी करा, एअर पंप चालू ठेवा. फक्त आत मासे असतील आणि अमोनिया दिसत असेल तर रोज २५ टक्के पाणी बदला. पाणी हिरवं झालं असेल तर गोष्ट वेगळी, ते शेवाळ आहे. दिवा रोज सहा तासांपेक्षा जास्त जळू देऊ नका, टायमर लावा.

वीज जाऊन आल्यावर फिल्टर फक्त गुणगुणतो, पाणी फिरत नाही. – ठाणे

गुणगुण ऐकू येते म्हणजे मोटरला वीज मिळते आहे, पण इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा आतला छोटा पंखा, अडकला आहे. आधी प्लग काढा. फिल्टर बाहेर काढून स्पंज टँकच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा. मोटरच्या टोकाचं झाकण काढा, आतला पंख्याचा चुंबक ओढून घ्या. त्यावर बुळबुळीत थर असतो, तो जुन्या टूथब्रशने साफ करा. ज्या भोकात चुंबक बसतो ते इअरबडने पुसा. बऱ्याच वेळा खरी घाण तिथेच असते. दांडी तुटली आहे का, दोन्ही टोकांच्या छोट्या रबरी टोप्या जागेवर आहेत का ते पाहा. टोपी हरवली तर फिल्टर खडखडत चालतो आणि दांडी लवकर झिजते. पांढरा क्षार चिकटला असेल तर भाग अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा आणि नीट धुवा. जोडल्यावर फिल्टर पाण्यात तिरका बुडवून आतली हवा बाहेर जाऊ द्या, मगच प्लग लावा.

इम्पेलर साफ असूनही जर अजिबात आवाज नसेल तर प्लग आणि बोर्ड तपासा. तिथे वीज असेल तर कॉइल गेली आहे, नवा फिल्टर घ्या.

वीज चार-पाच तास गेली असेल तर आणखी एक काळजी घ्या. बंद फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर तेच पाणी टँकमध्ये फेकलं जातं. म्हणून चालू करण्याआधी आतलं पाणी ओतून टाका आणि स्पंज टँकच्या पाण्यात पिळा. स्पंज नळाखाली धुवू नका. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सहा आठवड्यांची तयारी वाया जाते.

एअर पंपाचे बुडबुडे कमी झाले आहेत. – कल्याण

नळी पंपावरून काढा आणि तोंडाशी बोट धरा. हवा जोरात लागली तर पंप ठीक आहे, एअर स्टोन (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा खडा) बुजला आहे किंवा नळी कुठे मुडपली आहे. हवा मंद असेल तर आतला रबरी डायफ्राम फाटला असेल, तो बदलता येतो. पंपाच्या तळाशी फेल्टचा छोटा तुकडा असतो, तोही झटका. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. ते जमत नसेल तर नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. व्हॉल्व्हवरचा बाण टँककडे असला पाहिजे.

टँकमध्ये हात घातला की हाताला झिणझिण्या येतात. – गिरगाव

पुन्हा हात घालू नका. मुख्य बोर्डावरचा स्विच बंद करा, मग सगळे प्लग काढा. मासे मजेत दिसतात म्हणून वीज नाही असं समजू नका. त्यांच्यातून वीज जमिनीकडे जात नाही, तुमच्यातून जाते. बहुधा हीटरची काच तडकलेली असते किंवा फिल्टरच्या मोटरचं आवरण फुटलेलं असतं. सगळी साधनं बाहेर काढून काच, आवरण, वायर नीट पाहा. तडा दिसला तर ते साधन टेपने गुंडाळून पुन्हा वापरू नका, फेकून द्या. तडा दिसत नसेल तर कोणत्या साधनातून वीज गळते ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जुन्या इमारतींत अनेकदा सॉकेटला अर्थिंग नसतं, त्यामुळे तेही तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तोपर्यंत त्या बोर्डावर टँकचं काही चालवू नका. प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालीच टपकेल.

हीटर घेऊ का? – वाशी

टँक एसीच्या खोलीत असेल तरच. नाहीतर आपल्याकडे वर्षभरात फार कमी रात्री त्याची गरज पडते. घेतलाच तर ५० लिटरला ५० वॉट, २६ अंशांवर. पाण्याबाहेर काढण्याआधी तो बंद करून १५ मिनिटं थांबा, काच गरम असताना हवेत आली की तडकते. मे महिन्यात मात्र उलटी अडचण येते. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा आणि एअर पंप वाढवा. बर्फ टाकू नका.

गणपतीला सात दिवस कोकणात जाणार. माशांचं काय? – जोगेश्वरी

निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. निघण्याआधी जास्त खाऊ घालू नका, उरलेलं खाद्य सडून अमोनिया होतो. तीन दिवस आधी २५ टक्के पाणी बदला आणि फिल्टर साफ करा, म्हणजे काही चुकलं असेल तर निघण्याआधी लक्षात येईल. शेजाऱ्यांना सांगायचंच असेल तर एकेका दिवसाच्या छोट्या पुड्या करून द्या आणि खाद्याचा डबा कपाटात ठेवा. हौसेने मूठभर टाकलं जातं. तीनेक पुड्या पुरेत. दिवा टायमरवर ठेवा. आणि गावी जाताना घराचा मेन स्विच बंद करायची सवय असेल तर या वेळी फक्त इतर सर्किट बंद करा. फिल्टर आणि एअर पंपाचा एमसीबी चालूच राहू द्या, त्यावर चिकटपट्टीने 'बंद करू नका' असा कागद लावा. चावी ज्यांच्याकडे ठेवता त्यांनाही तो स्विच दाखवून ठेवा.