रोजच्या घरसंसारातून आणि शेतशिवारातून मुलांना ख्रिस्ती विश्वास कसा शिकवावा?

आपला प्रश्न असा आहे : आपण पुण्यात राहता, सुट्टीत मुलांना घेऊन दिग्रसकडच्या आजोळी येता, शेत, गुरे, पाऊस दाखवून त्यांना विश्वासाच्या गोष्टी सांगू लागता आणि मुले ‘झाले यांचे सुरू’ म्हणून तोंड फिरवतात, तेव्हा घर आणि निसर्ग यांतून विश्वास ओढूनताणून न वाटता कसा शिकवावा? मी यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका खेड्यात राहते, घरी कोरडवाहू शेती आहे आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) मुलांचा रविवारचा वर्ग बरीच वर्षे घेत आले आहे, म्हणून उत्तर लिहिते. मुलांना आधी ते काम पुरते पाहू द्यावे, शक्य असेल तर त्यात हात घालू द्यावा, आणि वचन (बायबलमधला उतारा) नंतर वाचावे, असे माझे मत आहे. काम ठाऊक असलेल्या मुलाला येशूचे दाखले (बोधकथा) गोड वाटत नाहीत, ते त्याला खटकतात, आणि खटकले की मूल स्वतःहून विचारू लागते.

पेरणाऱ्याचा दाखला घ्या (मत्तय १३). शहरातल्या मुलाला तो सरळ वाटतो : काही बी वाटेवर पडले, काही खडकाळ जमिनीवर, काही काटेरी झुडपांत, काही चांगल्या जमिनीत. आमच्या वर्गातल्या मुलांना मात्र त्यातला शेतकरीच पटत नाही. आमच्याकडे वावरात आडव्या-उभ्या काकऱ्या पाडून त्यांच्या चौफुलीवर सरकी टोबतात, एका जागी एक किंवा फार तर दोन दाणे. अर्ध्या किलोपेक्षाही कमी बी असलेल्या बीटी (बोंडअळीला तोंड देणारे जनुक घातलेल्या) कपाशीच्या थैलीला आठशे-नऊशे रुपये मोजावे लागतात, त्यामुळे हातातून चार दाणे सांडले तरी आजीचा आवाज चढतो. सोयाबीन आणि ज्वारी तिफणीने पेरतात, तेव्हाही सरत्यातून (बी सोडायच्या नळीतून) बी नेमके तासातच, म्हणजे ओळीतच, पडेल याकडे लक्ष असते. अशा घरातला मुलगा ‘हा माणूस बी रस्त्यावर कशाला टाकतो?’ असे विचारतो, आणि तो प्रश्न अगदी योग्य आहे. त्या काळी त्या देशात बी हाताने फेकून पेरत, त्यामुळे थोडे इकडेतिकडे जाणारच, एवढे मी सांगते. पण मुले तेवढ्यावर थांबत नाहीत. जो धनी कडक जमिनीलाही बी नाकारत नाही, त्याचा हिशोब आपल्या हिशोबाहून वेगळा असला पाहिजे, हे एकदा वर्गातल्या एका मुलीनेच म्हटले, आणि त्या दाखल्यावर मी ऐकलेल्या पुष्कळ उपदेशांपेक्षा ते मला अधिक नेमके वाटले.

मार्कच्या चौथ्या अध्यायात (४:२६-२९) याहून लहान एक दाखला आहे, त्याकडे फारसे कोणी वळत नाही : माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. मृगाच्या पावसावर भरवसा ठेवून पेरणी केलेल्या आणि नंतर आभाळाकडे पाहत बसलेल्या घरात हा दाखला वाचून पाहा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून घरातले लहान-मोठे सगळेच धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) वाकून बघतात. मुलांना धीर निघत नाही, ती बोटाने माती उकरतात. आत सरकीचा दाणा फुगून फुटलेला असतो, त्यातून पांढरा कोंब आधी खाली वळलेला असतो, आणि दोन दिवसांनी तोच अंकुर मान वाकवून माती फोडतो तेव्हा दोन जाड पानांवर सरकीचे टरफल टोपीसारखे अडकलेले दिसते. उकरलेले बी मात्र बहुधा वाळून जाते. पाऊस ओढ देतो तेव्हा दुबार पेरणीची पाळी येते, आणि ते मुलांपासून लपवू नये. वाढ आपल्या हातात नाही, हे त्या वचनातले सांगणे दोन्ही बाजूंनी खरे आहे.

पोळ्याचे उदाहरण मी थोडे सविस्तर देते, कारण आपण विचारलेले ‘कुटुंब’ आणि ‘निसर्ग’ तेथे एकाच अंगणात असतात. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते : बैलांचे खांदे कोमट पाण्याने धुऊन, तूप-हळद लावून, पळसाच्या पानांनी शेकतात आणि बैलाच्या कानाशी ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणतात. पूजेबाबत प्रत्येक ख्रिस्ती घर आपापल्या विवेकाने वागते; आमच्या घरी पूजा होत नाही, पण खांदे शेकले जातात आणि बैलांना दिवसभर जू लागत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात शब्बाथाची आज्ञा बैल आणि गाढव यांच्या विसाव्यासाठीही दिली आहे (निर्गम २३:१२), आणि मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये असेही सांगितले आहे (अनुवाद २५:४). शेतकऱ्याच्या मुलाला हे ऐकून नवल वाटत नाही, बरे वाटते. त्यानंतर ‘माझे जू आपणावर घ्या’ हे वचन (मत्तय ११:२९-३०) वाचायचे. ज्या मुलाने बैलाच्या खांद्यावरचा घट्टा हाताने चोळला आहे आणि जू नीट न बसल्याने आलेली खांदेसूज पाहिली आहे, त्याला सोयीचे जू म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने येशू नांगर आणि जू बनवीत असे, असे लिहून ठेवले आहे. सुताराच्या मुलाच्या तोंडी ती उपमा यावी यात आश्चर्य नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. निसर्गातून सगळेच काढता येत नाही, आणि काढू नये. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी नासवली, तेव्हापासून ‘बाहेरून धड बोंड, आत अळी, तसे आपले छुपे पाप’ हा दृष्टान्त मी कितीतरी वेळा ऐकला आहे. दिसायला तो चपखल आहे, पण ज्याच्या वावरात डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमलणारी फुले) लागल्या, ज्याचे कर्ज त्या बोंडांवर फिटायचे होते, तो माणूस पुढच्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्या कानावर ‘तुझ्या पापामुळे हे झाले’ एवढेच पडते. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून येशूने हा हिशोब मोडून काढला आहे (लूक १३:४), आणि जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारले तेव्हाही त्याने तसे उत्तर दिले नाही (योहान ९). बोंडअळी का पसरली याची कारणे कृषी विभागाने सांगितलेली आहेत : अळीत बीटीला आलेली प्रतिकारशक्ती, फरदड ठेवणे (हंगाम संपल्यावरही पीक राखणे), हंगामाबाहेर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडे), ती मुलांनाही तशीच सांगावीत, आणि कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) कसा लावतात तेही दाखवावे. पीक गेलेल्या वर्षी वाचायचे वचन वेगळे आहे. हबक्कूकच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अंजीर फुलत नाही, शेतात अन्न पिकत नाही, गोठ्यात गुरे उरत नाहीत, आणि तरीही संदेष्टा देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. तेथे पिकाच्या नाशाचा कोणताही खुलासा नाही, म्हणूनच ते आमच्या घरात मोठ्याने वाचता आले.

आधी वस्तू नीट पाहावी, या बाबतीत मला स्टीफन हिस्लॉप आठवतात. ते १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि उपदेशाबरोबरच त्या परिसरातले खडक व जीवाश्म गोळा करीत राहिले. त्यांचे लेख भूगर्भशास्त्राचे लेख म्हणूनच छापले गेले. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे नाव सर्वांना ठाऊक असते, दगडांचे वेड मात्र फार थोड्यांना.

सृष्टीवरून देवाचे सामर्थ्य आणि देवपण कळते, असे पौल रोमकरांस लिहितो (१:२०). क्षमा मात्र कळत नाही. ती पावसाकडे किंवा पाखरांकडे पाहून शिकता येत नाही. ती घरात शिकावी लागते, आणि आमच्याकडे घर म्हणजे वाटणी आणि धुरा. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत (लूक १५) धाकटा बाप जिवंत असतानाच हिस्सा मागतो, हे वाचताना खेड्यातली मुले दचकतात, कारण त्यात बापाचा किती अपमान आहे हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेले असते. पुढे तो सारे उधळून परततो आणि बाप त्याला जवळ घेतो; थोरला भाऊ त्या वेळी शेतात होता, हे लूकने मुद्दाम नोंदवले आहे, आणि माझ्या वर्गातली बहुतेक मुले दरवेळी थोरल्याच्याच बाजूची असतात. मी त्यांना बाजू बदलायला लावत नाही.

आमच्या घरी हंगामानंतरच्या उपकारस्तुतीच्या उपासनेसाठी तुरीचे पोते बांधून ठेवले होते. त्या वर्षी माझ्या यजमानांचे आणि दिरांचे धुऱ्यावरून बोलणे बंद होते. सासूबाईंनी पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘देवाले मंग देजा, आंधी भावाच्या घरी जाऊन ये.’ त्या दिवशी धुरा सरळ झाला नाही. तो तंटा पुढे मोजणी होईपर्यंत चालला, पण दोघे भाऊ एका पंगतीला जेवले आणि मगच पोते बंडीत चढले. सासूबाईंना वाचता येत नव्हते. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा हे वचन (मत्तय ५:२३-२४) माझ्या मुलांनी नंतर वर्गात वाचले, तेव्हा त्यांनी आजीचेच नाव घेतले. धुऱ्याच्या भांडणात वचनाचा आधार घेऊन आपली बाजू बळकट करू पाहणाऱ्यांसाठी लूक १२:१३-१४ ही वचनेही आहेत : भावाला वाटणी करायला सांगा, असे कोणी म्हणाले तेव्हा येशूने पंच व्हायला नकार दिला.

आता आपल्या सुट्टीविषयी. उन्हाळ्यात आपण येता तेव्हा वावरे उघडी असतात, फार तर वखरणी चाललेली दिसेल. त्या दिवसांत पेरणीचे दाखले सांगून उपयोग नाही. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत या, कारण तेव्हा कपाशीची वेचणी सुरू झालेली असते. मुलांच्या कमरेला झोळी बांधून त्यांना एक सकाळ बायांबरोबर तासाला लावा. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना कशी टोचतात ते त्यांना कळू द्या. वेचणीनंतर जे उरते ते कोणी गरीब वेचून नेत असेल, तर त्याला हटकू नये हे मुलांसमोर घडू द्या. शेताचा कोपरा आणि सरवा गरिबांसाठी सोडावा, ही लेवीय १९:९-१० मधली आज्ञा आहे, आणि रूथची सगळी कथा त्या सरव्यावर उभी आहे.

संध्याकाळी काट्यावर कापूस मोजला जातो आणि किलोमागे मजुरी ठरते. मुलांनी वेचलेलाही मोजा, आणि दर लावून पैसे त्यांच्या हातात द्या. त्याच रात्री द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचा (मत्तय २०), ज्यात दिवस मावळायला आलेल्यांना आणि पहाटेपासून राबलेल्यांना धनी सारखीच मजुरी देतो. ‘हे बरोबर नाही’ असे आपली मुले म्हणतील, वाद घालतील, मोठी मुले किलोचा हिशोब मांडतील. त्या रात्री आपण होऊन उत्तर देऊ नका. आजोबांना काय वाटते ते विचारा, म्हणजे सालदाराला (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याला) साल ठरवून देण्याच्या गोष्टी निघतील आणि झोपायला बराच उशीर होईल.