डॉक लावला म्हणजे लॅपटॉप झाला का?

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते. कॉलेज रोडला एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जीएसटीची कामं करते आणि संध्याकाळी घरी काही दुकानदारांचे हिशेब टॅलीत लिहिते. माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटलीय, बॅटरी टिकत नाही आणि सिटीलिंक बसच्या गर्दीत ते धूड खांद्यावर नकोसं होतं. मुलगा म्हणतो, कीबोर्ड डॉकवाला (खाली बटणांचा तळ जोडता येणारा) टॅबलेट घे, आता सगळं त्यात होतं, माझं कॉलेजही त्यावर निघेल. घेऊ का? की नंतर पस्तावेन?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, मुलगा स्वतःपुरतं बरोबर बोलतोय. तुमच्या कामाचं त्याला माहीत नाही.

डॉक लावल्यावर टॅबलेटला बटणं मिळतात, ट्रॅकपॅड मिळतो, काही डॉकमध्ये यूएसबीचं जास्तीचं तोंड मिळतं. आतली सिस्टीम मात्र तीच राहते, अँड्रॉइड तर अँड्रॉइड, आयपॅडओएस तर आयपॅडओएस. ॲक्टिव्हाला मागे कॅरिअर बसवलं म्हणून तिचा छोटा हत्ती होत नाही. तुमच्या कामातला कुठला प्रोग्रॅम विंडोजशिवाय चालतच नाही, एवढंच आधी शोधायचं. तुमच्या बाबतीत असे तीन सापडतात.

पहिला टॅली. रिपोर्ट ब्राउझरमध्ये बघायची सोय आहे, पण व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकायला विंडोजच लागतं. कोणी सांगेल, ऑफिसचा पीसी चालू ठेवा आणि टॅबलेटवरून रिमोटने, म्हणजे इंटरनेटवरून दुरूनच, वापरा. होतं तसं, मी लोकांना जोडूनही दिलंय. पण तुमची बोटं कशी चालतात ते आठवा. पेमेंटला एफ-५, रिसीटला एफ-६, सेल्सला एफ-८, परचेसला एफ-९ आणि मागे यायला एस्केप. टॅली लिहिणारा माणूस माउसला हातसुद्धा लावत नाही. आता दुकानात जाऊन टॅबलेटच्या डॉकवर ही बटणं शोधा. बऱ्याच डॉकवर एफची रांग नसते, किंवा एफएन दाबून ती वापरावी लागते. ॲपलने २०२० मध्ये आयपॅडसाठी एवढा गाजावाजा केलेला मॅजिक कीबोर्ड आणला, त्यावर एस्केपच नव्हतं! आयपॅड प्रोच्या कीबोर्डवर ती वरची रांग यायला २०२४ उजाडलं. दिवसाला शंभर एंट्र्या करणाऱ्या बाईने प्रत्येक वेळी दोन बटणं दाबायची म्हणजे चार दिवसांत टॅबलेट मुलाच्या हवाली होणार. शिवाय ऑफिसचा पीसी रात्री चालू पाहिजे, तिथली लाइट गेली की इकडे तुमचं काम बंद.

दुसरी डिजिटल सहीची किल्ली, ते यूएसबीचं टोकन. प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या, दुकानदारांचं रिटर्न ओटीपीवर जातं, त्यांच्यासाठी टॅबलेटचा ब्राउझरही पुरतो. पण प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) अशील असेल तर सही टोकननेच, आणि त्यासाठी ड्रायव्हर (टोकन ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) आणि सहीचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवावा लागतो. अँड्रॉइड टॅबलेटच्या डॉकला टोकन खुपसून ठेवा, त्याचा दिवा लागेल. सही होणार नाही.

तिसरं एक्सेल. टॅबलेटवर एक्सेल आहे, बेरजा-वजाबाक्या करतं, दिसतंही छान. पण मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, चालवत नाही. जीएसटीआर-९ ची, म्हणजे वार्षिक रिटर्नची, ऑफलाइन युटिलिटी अख्खी मॅक्रोवर उभी आहे. ती फाइल टॅबलेटवर उघडेल, बटण दाबाल आणि काहीच होणार नाही. डिसेंबरच्या अखेरीस, मुदत संपताना, हे कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आणखी एक बारीक अक्षरातली अट : १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्याच्या टॅबलेटवर एक्सेल-वर्डमध्ये फाइल दुरुस्त करायला मायक्रोसॉफ्टची वर्गणी लागते. लोक ११-१२ इंची टॅबलेट घेतात आणि मग मला विचारतात, 'हे नुसतं वाचायलाच का देतंय?'

आता वजन. ही तुमची खरी तक्रार, म्हणून जरा नीट सांगतो. लॅपटॉपची बॅटरी आणि मदरबोर्ड खाली, बटणांच्या खाली असतात. वर फक्त पडदा. टॅबलेटमध्ये सगळं पडद्यामागेच कोंबलेलं. म्हणजे डॉकमध्ये उभा केला की वजन वर आणि तळ हलका, मांडीवर घेतला की मागे कलंडतो. त्यावर कंपन्यांकडे दोनच उपाय आहेत. एक तर मागे पाय द्यायचा, तो टेबलावर ठीक, मांडीवर टोचतो आणि बसच्या सीटवर मावत नाही. नाहीतर डॉकच मुद्दाम जड करायचा. १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून वजन त्याच कंपनीच्या मॅकबुक एअरपेक्षा जास्त भरत होतं. खांद्याचं ओझं उतरवायला निघालात आणि तेवढंच ओझं जास्त पैसे देऊन घेतलंत, असा तो हिशेब.

२०११ मध्ये आसुसने ट्रान्सफॉर्मर नावाचा टॅबलेट आणला होता, त्याच्या डॉकमध्ये वेगळी बॅटरी होती. डॉक लावला की टॅबलेट चार्ज व्हायचा, आणि तळाला वजन आल्यामुळे तो नीट उभाही राहायचा. मला ती कल्पना अजून आवडते. हल्ली पिनांवर चिकटणारे बहुतेक कीबोर्ड उलट टॅबलेटचीच बॅटरी खातात.

विंडोजवाला टॅबलेट घेतला तर? मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारखा. तो म्हणजे टॅबलेटच्या अंगात लॅपटॉपच, टॅली चालेल. फक्त प्रोसेसर कुठला ते बघून घ्या. इंटेल किंवा एएमडी असेल तर काळजी नाही. एआरएमवाला असेल, उदाहरणार्थ स्नॅपड्रॅगन, तर नेहमीचे प्रोग्रॅम तो निभावून नेतो, पण ड्रायव्हर त्याच्यासाठी वेगळे लिहिलेले लागतात, आणि तुमच्या टोकनचा तसा ड्रायव्हर आहे का हे विकणाऱ्या पोराला माहीत नसतं. टोकन पर्समध्ये घेऊन जा, तिथेच लावून बघा. सरफेसचं पहिलं आरटी मॉडेल २०१२ मध्ये आलं तेव्हा दिसायला विंडोजच होतं, पण जुना एकही प्रोग्रॅम त्यावर बसत नव्हता. दिसण्यावर जाऊ नका.

मग करायचं काय? आधी सध्याच्या लॅपटॉपचा प्रोसेसर तपासा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर बिजागरी बदला, बॅटरी बदला, हार्ड डिस्क जुनी फिरकीवाली असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. महात्मा गांधी रोडला हे काम करणारे पुष्कळ आहेत. बिजागरी नुसती एम-सीलने चिकटवून देणाऱ्याकडे जाऊ नका, ती पुन्हा तुटताना पडद्याची पट्टी घेऊन तुटते. प्रोसेसर त्याआधीचा असेल तर त्यावर खर्च नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या मशीनवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि लोकांच्या सह्या नि हिशेब असल्या मशीनवर ठेवू नयेत. मग सरळ चौदा इंची, ८ जीबी रॅम आणि एसएसडीचा साधा लॅपटॉप घ्या. दीड किलोच्या आत मिळतो. ऑफिसात पीसी असेलच. रोज लॅपटॉप न्यायची खरंच गरज आहे का, तेही साहेबांना विचारून बघा. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर गेला तर खांदा मोकळा.

मुलाला टॅबलेट घेऊन द्यायचा की नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. पीडीएफ वाचणं, लेक्चर बघणं, पेनाने नोट्स काढणं यात टॅबलेट लॅपटॉपपेक्षा सरस आहे, हे मी खुल्या मनाने मान्य करतो. फक्त तो इंजिनिअरिंगला जाणार असेल तर थांबा. ऑटोकॅडची (आराखडे काढायच्या प्रोग्रॅमची) पूर्ण आवृत्ती अँड्रॉइड टॅबलेटवर किंवा आयपॅडवर चालत नाही.

प्रश्न : आमची पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे. फवारणीच्या नोंदी, सातबारा, सल्ल्याचे व्हिडिओ आणि एक्स्पोर्टवाल्यांना पाठवायची कागदं यासाठी लॅपटॉप घ्यावा की डॉकवाला टॅबलेट?
— एक बागायतदार

उत्तर : टॅबलेट घ्या दादा, आणि डॉकही नको. सिम बसणारा घ्या, नुसत्या वायफायवाल्याचा बागेत उपयोग नाही. कागदं त्याच्याच कॅमेऱ्याने स्कॅन होतात, सातबारा ब्राउझरमध्ये निघतो. नोंदी ज्या दिवशी फवारलं त्याच दिवशी, औषधाचं नाव आणि प्रमाणासकट टाका. युरोपला माल जाताना औषधाचा उर्वरित अंश तपासतात तेव्हा ती तारीख लागते. दुपारच्या उन्हात चार्जिंगला लावून वापरू नका, तापून आपोआप बंद पडेल. जाड रबरी कव्हर मात्र पहिल्या दिवशीच घाला.

प्रश्न : मी मराठीत कथा लिहितो. टॅबलेटच्या कीबोर्डवर मराठी टाइप होतं का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : पडद्यावरच्या कीबोर्डवर उत्तम होतं. खरी बटणं जोडली की गोची होते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी करून देणारी सोय बऱ्याच टॅबलेटवर फक्त पडद्यावरच्या कीबोर्डपुरती असते. तुम्ही इनस्क्रिप्टवाले (भारतीय भाषांच्या ठरलेल्या बटणरचनेने टाइप करणारे) असाल तर दुकानातच डॉक लावून, भाषा मराठी करून 'नाशिक' लिहून बघा : व्ही, ई, शिफ्ट-एम, एफ, के. मग शिफ्ट-एनने 'ळ' उमटतो का तेही बघा. दोन्ही आलं तर घ्या. जुन्या कथा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील तर त्या टॅबलेटवर अगम्य चिन्हं होऊन दिसतील. जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी त्यावरच सगळ्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रूपात, बदलून घ्या.