मिशा आणि अंगावर कडक पट्ट्या असलेला दोन इंची मासा: कोरीडोरास, प्लेकोचं पिल्लू की शिंगाळा?

या तिघांपैकी तुमचा मासा कोणता, असं तुम्ही विचारलंय. सांगलीच्या दुकानातून आणलेला, हिरवट-तांबूस झाक असलेला तुमचा मासा कोरीडोरासच (टाकीत पाळतात तो छोटा मिशाळ मासा, थोडक्यात 'कोरी') आहे, बहुधा ब्राँझ कोरी ही जाती. आपल्या कृष्णेतल्या शिंगाळ्याचं अंग गुळगुळीत, बिनखवल्याचं असतं. या पट्ट्या मात्र हाडाच्या ढाली आहेत. मासा काचेशी आला की रांगा मोजा. प्रत्येक कुशीला दोनच रांगा आणि खाली वळलेलं, आखूड मिशांचं तोंड असेल, तर तो कोरी, कुल कॅलिक्थिडी. रांगा जास्त आणि काचेला चिकटणारं तोंड असेल, तर तो प्लेको, कुल लोरिकॅरिडी. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो ना? कोरी ती हवा आतड्यातून शोषतो, त्यामुळे घाबरू नका. दोन्ही प्रकार माझ्या टाकीत अनेक वर्षं आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

नावाचा गोंधळ होईल, तेवढं लक्षात ठेवा. १८५८ साली त्रिनिदादच्या माशांवरून वर्णन झालेली ही जाती आपण कोरीडोरास एनियस म्हणून ओळखतो, पण २०२४च्या फेरवर्गीकरणात कोरीडोरासचे अनेक गट वेगळे झाले आणि ही जाती ऑस्टिओगॅस्टर या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) गेली. दुकानात जुनंच नाव चालतं.

फक्त रंगावर जातीचा शिक्का मारू नका: पांढरा, लाल डोळ्यांचा अल्बिनोही बऱ्याचदा हीच जाती असते, आणि दक्षिण अमेरिकेत हिच्यासारखे दिसणारे इतर मासेही आहेत. पकडताना जपून, परांचे काटे जाळीत अडकतात.