इंजिन नंतर ठरवू, आधी ती पॉलिसी परत करा

जालन्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४२. स्वतःची दहा टायर गाडी, २०१४ चं मॉडेल, कर्ज फिटलेलं. जालन्यातून सळई भरून कळंबोलीला नेतात, येताना भंगार आणतात. गाडीचा खर्च भागून महिन्याला ४५ हजार हातात राहतात. आता चौदा टायर, ४२ टनी नवी गाडी घ्यायची आहे. त्यांचा प्रश्न: "टाटातलं कमिन्स, लेलँडचं एच-सिरीज की भारतबेंझचं इंजिन? कुठलं जास्त टिकेल आणि कमी खर्चात चालेल?"

शेवटी मात्र त्यांनी सहज लिहिलं आहे: "फायनान्सवाल्यांनी कर्जासोबत गॅरंटीड पॉलिसी लागतेच असं सांगितलं. वर्षाला २ लाख ४० हजार, १० वर्षं. पहिला हप्ता भरला, १८ दिवसांपूर्वी पॉलिसी हातात आली. २० वर्षांनी ४८ लाख मिळतील, म्हणजे पैसे दुप्पट."

हे वाचून मी त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या. आज सविस्तर लिहितो, आणि सुरुवात पॉलिसीपासूनच करतो. इंजिनाचा निर्णय महिनाभर थांबला तरी काही बिघडत नाही. पॉलिसीला तेवढा वेळ नाही.

पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देता परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. स्टॅम्प ड्यूटी, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. पत्र लिहिताना तुमचे १८ दिवस संपले होते. अर्ज एजंटकडे देऊ नका. तो "साहेब सुट्टीवर आहेत" म्हणत तुमचे उरलेले दिवस घालवेल. विमा कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन द्या, पोच घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला मेलही करा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा, आणि तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा.

आता ते 'दुप्पट' बघू. १० वर्षं २ लाख ४० हजार म्हणजे तुम्ही भरणार २४ लाख, विसाव्या वर्षी मिळणार ४८ लाख. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं. सरासरी पैसा पंधरा-सोळा वर्षं पडून राहतो, तेव्हा कुठे दुप्पट होतो. हा परतावा जेमतेम साडेचार टक्के झाला. पोस्टात ठेवले असते तरी जास्त मिळाले असते. आणि हे करणार कोण, तर गाडीसाठी व्याजाने पैसे काढणारा माणूस!

ते व्याज किती, तेही तुम्हाला नीट सांगितलेलं नाही. "फक्त ६ टक्के" असं तुम्ही लिहिलंय. हा फ्लॅट रेट आहे. तुमच्या ३६ लाखांच्या कर्जावर ६ टक्क्यांनी ५ वर्षांचं व्याज १० लाख ८० हजार. एकूण ४६ लाख ८० हजार भागिले ६० महिने, म्हणजे तुमचा ७८ हजारांचा हप्ता. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण ३६ लाखांवरच धरलंय. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर पावणेअकराच्या थोडा वर जातो. कर्जाचं 'मुख्य तथ्य विवरण' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांवर ते देणं बंधनकारक आहे, आणि त्यात खरा वार्षिक दर छापलेला असतो. म्हणजे एका हाताने अकरा टक्क्यांनी पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने साडेचार टक्क्यांवर ठेवायचे, असा हा व्यवहार तुमच्या गळ्यात मारला आहे. कर्ज देणारा ठरावीक पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, अशी सक्ती करू शकत नाही. "लागतेच" हे त्यांच्याकडून लेखी मागा. कोणी लिहून देणार नाही.

आता धंद्याचा हिशेब. आकडे तुमच्याच पत्रातले आहेत, मी फक्त गोळाबेरीज केली. नव्या गाडीची एक खेप जाऊन-येऊन ८०० किलोमीटर, दोन्ही बाजूंचं भाडं मिळून ५८ हजार. लिटरला साडेतीन किलोमीटरच्या ॲव्हरेजने डिझेल साधारण साडेवीस हजार, टोल आणि रस्त्याचा खर्च ९, दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार-भत्ता ५, हमाली-दलाली साडेतीन, टायर-मेंटेनन्ससाठी बाजूला ४. म्हणजे ४२ हजार गेले, १६ राहिले.

शोरूममधल्या माणसाने १२ खेपा धरून १ लाख शिल्लक दाखवली. १२ खेपांचे १ लाख ९२ हजार, त्यातून विमा-टॅक्स-पासिंगचे महिन्याला ११ हजार आणि हप्ता ७८ हजार वजा केले तर १ लाखाच्या थोडं वर उरतात. त्याचं गणित बरोबर आहे. पण १२ खेपा आणल्या कुठून? तुमच्या स्वतःच्या वहीत गेल्या वर्षभराची सरासरी ८ आहे. मिलच्या गेटवर लाइन लागते, भंगार भरायला दोन दिवस बसावं लागतं, पावसाळ्यात बांधकामं मंदावली की सळईची मागणी उतरते. हे सगळं जुन्या गाडीला आहे तसंच नव्या गाडीलाही राहणार. नवी गाडी लाइन तोडून पुढे जात नाही.

८ खेपांचे १ लाख २८ हजार. ११ वजा, ७८ वजा. उरले ३९ हजार. त्यातून पॉलिसीचे महिन्याचे २० हजार काढले की उरतात १९ हजार. आज जुन्या, कर्जमुक्त गाडीवर तुम्ही ४५ हजार घरी नेता.

पाच वर्षांनी नवी गाडी तुमची होईल आणि तिला विकाऊ किंमत असेल, हे खरं आहे, आणि माझ्या हिशेबात ते धरलेलं नाही. पण ती पाच वर्षं घर चालायला हवं. शिवाय तुमच्या डाउन पेमेंटमधले ३ लाख वहिनींचे दागिने तारण ठेवून येणार आहेत आणि २ लाख मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून. दागिन्यांवरचं व्याज वरच्या हिशेबात अजून आलेलंच नाही.

सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. गाडी तुम्ही स्वतः चालवता. तुम्हाला काही झालं तर ३६ लाखांचा हप्ता कोण भरणार? तुमच्याकडे जुन्या दोन पॉलिसींचं मिळून ५ लाखांचं कव्हर आहे, आणि गाडीच्या विम्यासोबत येणारा मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. तो फक्त अपघातासाठी आहे. हार्ट अटॅक आला तर त्यातून काही मिळत नाही. तुम्हाला किमान ७५ लाखांचा टर्म इन्शुरन्स हवा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तंबाखू नसेल तर वर्षाला १५ ते २० हजारांच्या आसपास बसेल, ड्रायव्हर म्हणून थोडा जास्त मागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्मवर धंदा आणि तंबाखूचं खरं लिहा. खोटं लिहिलं तर क्लेमच्या वेळी वहिनींना कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

टर्म इन्शुरन्सला उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि तुम्ही दोन वर्षं आयकर रिटर्न भरलेलं नाही. ट्रकमालकांसाठी, १० गाड्यांपर्यंत, सोपी तरतूद आहे. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १ हजार रुपये उत्पन्न धरायचं, हिशेबाच्या वह्या ठेवायची गरज नाही. तुमची गाडी २५ टनी, म्हणजे वर्षाला ३ लाख. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळतं, तेव्हा खरं तेवढं दाखवा. नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर कर लागत नाही. अपघाताच्या भरपाईच्या खटल्यातही हेच रिटर्न कामी येतं.

आता इंजिन. प्रश्न चांगला आहे, आणि त्यात पैसाही आहे. ॲव्हरेज साडेतीनवरून ३.७ झालं तर ६,४०० किलोमीटरला महिन्याला सुमारे १०० लिटर वाचतात. डिझेल ९० धरलं तर वर्षाला लाखाच्या वर. पण त्या पॉलिसीपायी याच्या दुपटीहून जास्त दरवर्षी जाणार होते.

तुम्ही लिहिलंय, "टाटा म्हणजे कमिन्स." तसं नाही. टाटाच्या अनेक गाड्यांत कंपनीचं स्वतःचं ५ लिटरचं इंजिन असतं. कमिन्सचं ६.७ लिटरचं हवं असेल तर कोटेशनवर इंजिनाचं नाव वाचा. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ४२२५ मधले ४२ म्हणजे टन आणि २५ म्हणजे २५० हॉर्सपॉवर, त्यातून इंजिन कळत नाही. कमिन्स १९६२ पासून पुण्यात आहे, फलटणला कारखाना आहे, आणि हे इंजिन उघडता येणारे मिस्त्री आपल्याकडे गावोगाव आहेत. लेलँडचं एच-सिरीज मूळ जपानच्या हिनोचं. साधं, ओळखीचं, आणि जुन्या ड्रायव्हरांचा त्यावर विश्वास आहे. भारतबेंझचं ७.२ लिटरचं ओएम ९२६ ताकदीला जास्त, घाट शांतपणे चढतं. कसाऱ्यात ते जाणवेल. पण कंपनीच्या गाड्या २०१२ पासूनच्या, त्यामुळे बाहेरचे मिस्त्री आणि बाजारातले पार्ट त्यामानाने कमी. कामासाठी तुम्ही कंपनीच्या वर्कशॉपवर जास्त अवलंबून राहता.

इंजिनाचा ब्लॉक या तिन्हींपैकी कुणाचाच लवकर हात टेकत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्या उभ्या राहतात त्या इंजिनाभोवतीच्या गोष्टींनी. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो, नॉक्स सेन्सर (धुरातला घातक वायू मोजणारा) जातो, स्वस्तातला युरिया टाकला की एससीआर (युरियाने धूर साफ करणारा भाग) बिघडतो, भेसळीच्या डिझेलने इंजेक्टर जातात. तुमची २०१४ ची गाडी हे सगळं सहन करत होती, नवी करणार नाही. आणि उभी गाडी दिवसाला ३ हजार खाते, हप्ता आणि विमा धरून. बुडालेलं भाडं वेगळंच. म्हणून मिलच्या पार्किंगमध्ये जा आणि ३ लाख किलोमीटर झालेल्या बीएस-६ गाड्यांच्या मालकांना एकच विचारा: वर्षात गाडी किती दिवस उभी राहिली, आणि रस्त्यात बंद पडली तर माणूस किती तासांत आला? जालना ते कळंबोली या पट्ट्यात ज्याचं उत्तर सगळ्यात चांगलं, ते इंजिन घ्या. बरोबरीत असतील तर माझा कल कमिन्स किंवा लेलँडकडे, कारण तुम्ही एका गाडीचे मालक आहात, आणि बाहेरचा मिस्त्री चालणं हे तुमच्यासाठी मोठं आहे.

पण घ्यायची कधी? ट्रान्सपोर्टरकडून दोन्ही बाजूंचं मिळून महिन्याला १० खेपांचं काम पक्कं होईल तेव्हा. १० खेपांना ७१ हजार उरतात, तिथे गाडी परवडते. ८ खेपांवर नवी ४२ टनी घेऊ नका. तोवर जुनी चालवा, किंवा तीन-चार वर्षं चाललेली बीएस-६ चौदा टायर बघा. तिच्यात कर्ज बरंच कमी होईल.

फ्री-लूकमधून येणारे पैसे डाउन पेमेंटमध्ये घालू नका. ते जवळजवळ तीन हप्त्यांएवढे आहेत. वेगळ्या खात्यात ठेवा, कारण भाड्याचं बिल महिना-दीड महिना अडकतं आणि हप्ता पाच तारखेला जातोच. दागिने आणि एफडी यांना हात न लावता डाउन पेमेंट जमत नसेल, तर तेवढी गाडी सध्या तुमच्या आवाक्यात नाही.

उद्या सकाळी गाडी भरायच्या आधी विमा कंपनीच्या शाखेत जा. पोचेचा फोटो मला पाठवा, तारीख आणि शिक्का दिसेल असा.