थडग्यावरच्या ओळींतून घराण्याचा माग

प्रश्न : माझी पणजी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. रेवदंड्याजवळच्या जुन्या दफनभूमीत तिची म्हणून दाखवली जाणारी शिळा सापडली. वर हिब्रू, खाली मराठी. पण साल कुठेच दिसत नाही. सुरुवात कुठून करू? (ठाणे)

साल बहुधा हिब्रू मजकुरात असेल, आकड्यांऐवजी अक्षरांत. हिब्रूत प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. शेवटच्या ओळींत असा अक्षरगट शोधा, ज्याच्या शेवटच्या अक्षराआधी दोन बारीक रेघा कोरलेल्या असतील. समजा त्यात तव, रेश आणि पे आहेत : ४००, २०० आणि ८०, म्हणजे ६८०. वरचे पाच हजार सहसा लिहीत नाहीत. या बेरजेत १२४० मिळवा, १९२० येतं. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. मृत्यू त्या वर्षाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतला असेल तर १९१९ धरायचं. दिवससुद्धा सूर्यास्ताला बदलतो. रात्री वारलेल्या माणसाची शिळेवरची तारीख आणि घरच्या वहीतली तारीख यांत एका दिवसाचा फरक पडला, तर लगेच 'ही आपली नव्हे' म्हणून परत फिरू नका.

आता दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा, कारण ते एकच गोष्ट सांगत नाहीत. मराठीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव येतं. हिब्रूत 'बत' म्हणजे मुलगी, आणि त्यापुढे बहुधा तिच्या वडिलांचं नाव. तुमच्या पणजीचं माहेर हातात येण्याची शक्यता या एका शब्दापाशी आहे. आडनावावरून गाव कळतं : पेणकर, दिवेकर, नवगावकर. पण एका गावाचं आडनाव लावणारी दोन घराणी एकाच रक्ताची असतीलच असं नाही.

नावांचा घोळ मात्र डोकं ठिकाणावर ठेवून सोडवावा लागतो. मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर आणि समाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. तुमच्याही घरात एक आजोबा कागदावर तीन माणसं होऊन बसलेले असू शकतात. पुढची पायरी म्हणजे अलिबाग किंवा रेवदंड्याच्या सिनेगॉगमधल्या नोंदी आणि केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. तो कागद कोकणात मिळाला नाही तर इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद इथल्या नातेवाइकांकडे विचारा. १९४८ नंतर गेलेल्यांच्या ट्रंकांतून असे कागद तिकडे गेले आहेत.

प्रश्न : अक्षरं पुसट झाली आहेत. खडू घासून किंवा ॲसिडनं धुऊन पाहू का? (नाशिक)

नाही. ॲसिड, तारेचा ब्रश आणि खडू, तिन्ही नकोत. संगमरवर आणि चुनखडीचा दगड ॲसिडमध्ये विरघळतो. उरलेली अक्षरंही जातील. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की फोटो काढा, नाहीतर अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा. शिळेची मागची बाजू आणि शेजारच्या चार थडग्यांचेही फोटो घ्या. कुटुंबं बहुतेक वेळा जवळजवळ पुरलेली असतात.

प्रश्न : आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावात, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गावातून किती माणसं गेली आणि किती परतली नाहीत, हे सांगणारी संगमरवरी पाटी आहे. माझे खापरपणजोबा त्यांतलेच असं घरात सांगतात. पाटीवर नाव नाही. (पुणे)

अशा पाट्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात बऱ्याच गावांत आहेत. सरकारनं आकडा कोरला, नावं नाही. दुर्दैव असं की बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,५०० हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. पण हिंदी शिपायांची नावं दगडावर न घालता पलटणीखाली नुसती संख्या दिली. मला हा सरळ दुजाभाव वाटतो, आणि युद्धकबरींचं काम पाहणाऱ्या आयोगानंही २०२१ च्या अहवालात असमान वागणूक कबूल केली आहे.

नावं छापील नोंदवहीत आहेत, हे तुमचं नशीब. त्याच आयोगाच्या, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, संकेतस्थळावर ती फुकट शोधता येतात. बऱ्याच नोंदींत शिपाई क्रमांक, पलटण, बापाचं नाव, गाव आणि तालुका असतो. कदम, जाधव अशा आडनावांनी शोधलंत तर थकाल, शिवाय इंग्रज कारकुनानं ऐकू येईल तसं लिहिलेलं. म्हणून गावाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाका. पलटण १०३, ११० किंवा ११७ मराठा असेल आणि मृत्यू १९१६ चा असेल, तर मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्याचा विचार करा, जिथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौज कोंडली होती. या तिन्ही पलटणी तिथे अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेतही अनेक जण गेले. घरात जुनं पदक असेल तर आधी त्याची कड भिंगातून पाहा, क्रमांक आणि पलटण तिथेच कोरलेली असते.

प्रश्न : देवळाबाहेरचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, आमच्या मूळपुरुषाचा आहे, असं भाऊबंद म्हणतात. पुरावा कसा मिळवावा? (सांगली)

वीरगळावरून मिळणार नाही, हे आधीच सांगतो. खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरांनी वीराला स्वर्गात नेणं, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य : ही मांडणी सगळीकडची. बहुतेकांवर एक अक्षरही कोरलेलं नसतं. लेख नसेल तर दगड कोणाचा ते ठरवता येत नाही. भाऊबंद कितीही ठामपणे सांगोत.

घराणं शोधायचं तर दगड सोडून वह्यांकडे वळा. तुमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळ्या सांभाळणारे लोक, अजून त्या सांगतात, त्यांना गाठा. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला आलेल्या पूर्वजांच्या नोंदी असतात. जाताना मूळ गाव, आडनाव आणि माहीत असलेली चार नावं घेऊन जा, आणि दक्षिणाही. पाटीलकी किंवा इनाम असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात वतनाचे कागद शोधा. ते मोडीत असतील. वाचणारा माणूस सोबत न्या, किंवा स्वतः शिका. चार-सहा महिने रोज वाचत राहिलात तर वतनपत्रांतला ठरावीक मजकूर लागू लागतो.