कडबा घेताना बघायचं काय? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडं ३ जर्सी गाई अन् २ म्हशी आहेत. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून ५०० पेंढ्या कडबा घेतला, वरनं एकदम पिवळाधमक दिसत होता पण गंज (रचलेला ढीग) उकरली तर आतल्या पेंढ्या काळ्या अन् कुबट वासाच्या. म्हशींनी तोंडच लावलं नाही, निम्मा उकिरड्यावर गेला. यंदा शाळूचा (रब्बी ज्वारीचा) कडबा घ्यायचाय, तर चांगला ओळखायचा कसा? अन् भिजलेला परत वाळवून घातला तर चालतो का?
– एक दूध उत्पादक, सांगोला तालुका

उत्तर : पैसे गेले ते वाईटच झालं दादा, पण म्हशींनी तोंड लावलं नाही हे तुमचं नशीब समजा, कारण भुकेलं जनावर असला कडबा खातं पण अन् मग डॉक्टरचं बिल वेगळं.

पहिली गोष्ट, व्यापारी जी पेंढी पुढं करतो ती बघायचीच नाही. गंजीच्या मधनं तुम्ही स्वतः एक ओढा, खालच्या थरातनं एक ओढा, आळं (पेंढीचा बंध) सोडा अन् जमिनीवर पसरा. आता पाला किती राहिलाय ते बघा. जनावर आवडीनं खातं तो पाला. चांगल्या कडब्यात सुद्धा प्रथिनं ३-४ टक्केच असतात, त्यात पाला झडून गेला असेल तर तुम्ही नुसत्या काड्या विकत घेताय, त्या गव्हाणीत चघळ म्हणून तशाच पडून राहतात अन् रोज सकाळी झाडून काढायला तुम्हीच.

रंगाचं म्हणाल तर पिवळ्याधमक रंगावर भाळू नका, पाल्यात थोडी हिरवट झाक पाहिजे. पार पांढरा पडलेला म्हणजे लई दिवस उन्हात पडून होता, त्यातलं कॅरोटीन (ज्यापासून जनावराला अ जीवनसत्त्व मिळतं ते) उडालेलं असतं. पाला काळा अन् हाताला चिकट लागत असेल तर तो चिकट्याचा माल, मावा किडीनं गोड चिकट पाणी सोडलं की त्यावर काळी बुरशी धरते अन् जनावर असला पाला नाखुशीनं खातं. एक कांडं मधोमध चिरून बघा, आत पांढरा गाभा पाहिजे, लालसर भोकं दिसली तर खोडकिडा लागलेला. मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारीचा कडबा घेताना जुनी माणसं कांडं चावून बघतात, बारीक कांडं अन् जरा गोडी लागली की सौदा. मी पण चावतो, बायको हसते.

कांड्यावरची पांढरी पावडर बघून मात्र घाबरू नका. तो ज्वारीचा अंगचाच मेणासारखा थर असतो, बोटानं पुसला जातो अन् वास येत नाही. बुरशी वेगळी, ती पेराजवळ, पाल्याच्या आतल्या बाजूला जाळ्यासारखी धरते अन् पेंढी झटकली की धूळ उडून खोकला येतो. गंजीत कोपरापर्यंत हात घाला, आत कोमट लागलं तर कडबा ओला असतानाच रचलाय, निघून या.

अन् शेकड्याच्या भावावर जाऊ नका, १० पेंढ्या वजन करा. समजा भाव २००० रुपये शेकडा आहे, पेंढी २ किलोची भरली तर किलोला १० रुपये पडले, सव्वा किलोची भरली तर १६. उपटून काढलेल्या कडब्याला बुडख्याला माती असते, ती आपटून मग काट्यावर ठेवा, माती कशाला विकत घ्यायची.

भिजलेल्याचं असं आहे की एखादी सर आली अन् लगेच पेंढ्या सोडून उन्हात खडखडीत वाळवल्या तर चालतं. बुरशी धरली की मात्र वाळवून काही होत नाही, बुरशी वाळते पण तिचं विष तसंच राहतं अन् अफ्लाटॉक्सिन (बुरशीचंच एक विष) असेल तर दुधात पण उतरतं. गुळाचं पाणी मारून खपवायचं, युरिया मारायचा हे उद्योग असल्या मालावर करू नका. कडब्याचा कस वाढवायला युरिया प्रक्रिया करायची तर चांगल्या कोरड्या कुट्टीवर (बारीक कापलेल्या कडब्यावर), १०० किलोला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाणी, २१ दिवस हवाबंद, अन् ६ महिन्यांच्या आतल्या वासरांना ती घालायची नाही.

प्रश्न : पावसानं ओढ दिली, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. कापून वाळवून घातली तर किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागेल का?
– एक वाचक, जत

उत्तर : हिरवी तर अजिबात घालू नका, करपलेल्या कोवळ्या ज्वारीत अन् कापणीनंतरच्या फुटव्यात विष जास्त असतं. कापून पातळ पसरून उन्हात कडकडीत वाळवली तर ते बरंच उडून जातं. अर्धवट सुकलेली ढिगात टाकली तर धोका तसाच. वाळल्यावर सुद्धा उपाशी जनावरापुढं एकदम टाकू नका, आधी दुसरं काहीतरी खाऊ द्या मग थोडी थोडी. अन् खाल्ल्यावर जनावर धापा टाकायला लागलं, थरथरलं तर घरगुती औषधात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरला फोन करा, हातात मिनिटंच असतात.