पन्हाळ्याचा कातळ आणि डायनासोरचा अंत

प्रश्न: आमच्या कॉलेजात एका व्याख्यानात सांगितलं, की डायनासोर लघुग्रहामुळे मेले हे आता खोटं ठरलंय, कारण त्यांची हाडं लघुग्रहाच्या थराच्या तीन मीटर खालीच संपतात. शिवाय आपला पन्हाळाच ज्वालामुखीच्या दगडाचा, म्हणजे खरं कारण आपल्या पायाखाली. एवढा पुरावा विरोधात असताना लोक लघुग्रहाला का धरून बसलेत?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: आधी पन्हाळ्याचं बघू, कारण तो मी विद्यार्थ्यांना घेऊन बऱ्याचदा चढलोय. गडमाथ्यावर जांभा, त्याखाली काळा कातळ. दख्खनच्या लाव्हाचे थर त्यांच्या रासायनिक घडणीवरून ओळखतात आणि त्यांना आपल्याच गावांची नावं आहेत: खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि त्यांच्याही वर पन्हाळा. म्हणजे हा अगदी शेवटच्या थरांपैकी एक. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा कोंडली जाते. डायनासोर संपले तेव्हा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, ही दिशा आजच्या उलट होती. ती सुलट झाली महाबळेश्वरचे थर साचत असताना, आणि पन्हाळा तर त्यांच्याही वर. तो लाव्हा वाहिला तेव्हा डायनासोर जाऊन काही लाख वर्षं उलटली होती. तेव्हा पन्हाळ्याच्या कातळाला यात ओढू नका. संशय घ्यायचा तर खालच्या थरांवर घ्या, आणि तो संशय रास्त आहे.

आता तीन मीटर. हा आक्षेप अमेरिकेतल्या मोंटानातल्या खडकांवरून आला आणि 1980 च्या दशकात त्याला वजनही होतं. थर म्हणजे धडकेची धूळ बसून झालेला मातीचा पातळ पट्टा. पण डायनासोरची हाडं मुळात दुर्मीळ. घरातला आजोबांचा शेवटचा फोटो 2015 चा असला, म्हणून ते 2015 सालीच गेले असं कुणी म्हणत नाही. सापडलेलं शेवटचं हाड हे त्या जातीच्या शेवटच्या प्राण्याचं असण्याची शक्यता फार कमी, आणि प्राणी जितका विरळ तितकं हे अंतर मोठं. सिग्नर आणि लिप्स या जीवाश्म अभ्यासकांनी 1982 मध्ये हेच दाखवून दिलं. म्हणजे सगळे डायनासोर एका झटक्यात मेले असते, तरी हाडं थराच्या थोडी खालीच थांबलेली दिसली असती. जी गोष्ट दोन्ही बाजूंनी तशीच दिसणार, ती एका बाजूच्या विरोधातला पुरावा कशी होईल? आणि 2011 मध्ये त्याच मोंटानात एका शिंगवाल्या डायनासोरचं शिंग थराच्या जेमतेम 13 सेंटिमीटर खाली सापडलं. तीन मीटरची ती पोकळी तिथेच भरली. तुमच्या व्याख्यात्यांच्या वाचनातून ते निसटलेलं दिसतं.

याहून जोरकस आक्षेप दुसरा होता. अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीत नेहमीच्या सुमारे तीसपट इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण लघुग्रहांत भरपूर असणारा धातू) दाखवलं आणि लघुग्रहाची कल्पना मांडली. 1983 मध्ये हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीतून उडालेल्या कणांतही इरिडियम निघालं. झाला ना प्रश्न! एकटं इरिडियम मग काहीच ठरवू शकत नाही. पण पुढच्याच वर्षी त्या थरात प्रचंड धक्क्याने आत आडव्यातिडव्या रेषा पडलेले गारेचे, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचे, कण मिळाले. ज्वालामुखी तसे कण घडवत नाही. 1991 मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं सुमारे 180 किलोमीटर रुंदीचं विवर ओळखलं गेलं. मग गेर्टा केलर या भूशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की ते विवर तीन लाख वर्षं आधीचं आहे. 2013 मध्ये हैतीतल्या काचमण्यांचं (धडकेने वितळलेला खडक उडून थिजलेल्या थेंबांचं) वय मोजलं, तेव्हा धडक आणि अंत यांच्यात फार तर 32 हजार वर्षांचा फरक निघाला, तोही मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत. मला हे आक्षेप मनापासून आवडतात. ते घेतले गेले नसते, तर गारेचे कण आणि काचमणी इतक्या बारकाईने कुणी तपासले असते असं मला वाटत नाही.

मग दख्खन निर्दोष? तसं मी म्हणणार नाही. कच्छमध्ये अंजारला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं मिळाली आहेत. यावरून सुरुवातीच्या उद्रेकांनी ते संपले नाहीत, एवढंच ठरतं. 2019 मध्ये दोन गटांनी 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनची वयं छापली. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांमध्ये लालसर मातीचा पट्टा दिसतो ना, अशा पट्ट्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने मोजलं. त्यांच्या मते एक मोठा उद्रेक अंताच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. बर्कलीच्या गटाने खुद्द लाव्हातल्या खनिजांत साठलेला आर्गॉन वायू मोजून वय काढलं. त्यांच्या हिशेबाने लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अंतानंतर बाहेर पडला. माझं मत म्हणाल, तर मोठा घाव धडकेचाच. दख्खनने आधी हवामान किती बिघडवलं, हा वाद मात्र खुला आहे आणि तो सह्याद्रीतल्या नेमक्या कोणत्या थरापाशी अंताची रेघ ओढायची यावर अडलाय. भूशास्त्र घेणार असाल, तर पोलादपूर आणि आंबेनळीच्या थरांपासून सुरुवात करा.